गुणपत्रक संगणकावर करताना: लिबरऑफिस कॅल्कच्या काही कामाच्या सवयी



निकालाचे दिवस जवळ आले की ग्रुपवर 'कुणाकडे तयार शीट आहे का?' हा प्रश्न फिरायला लागतो. तयार फाइल मिळते, आपण नावं आणि गुण भरतो, शेवटच्या रकान्यात आपोआप श्रेणी उमटते. झालं काम! मीही तेच करायचे. मग एका वर्षी चौथीचा निकाल वाटून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी एक आई प्रगतिपत्रक घेऊन शाळेत आली. म्हणाली, "बाई, लेखी पेपर तुम्हीच घरी दाखवायला दिला होता. तीसपैकी सत्तावीस होते. मग हिला गणितात ब-२ कशी?"

मी फाइल उघडली. मुलीसमोर लेखी गुण होते ९. आणि मग एकदम लक्षात आलं, की गणिताच्या लेखी रकान्यात वरून खाली गुण उतरत गेलेत. हजेरी क्रमांक १ ला ३०, क्रमांक २ ला २९, असं करत करत शेवटच्या मुलाला ४. कुठल्याही वर्गात हजेरीच्या क्रमाने गुण उतरत नाहीत हो!

झालं होतं असं. लेखी गणितात कोण मागे पडलंय ते बघावं म्हणून मी तेवढाच एक रकाना निवडून उतरत्या क्रमाने लावला होता. नावं जागच्या जागी राहिली आणि गुण हलले. तशीच फाइल सेव्ह करून बंद केली. त्या मुलीचे आकारिक ५२, तोंडी ७ आणि लेखी २७ मिळून ८६ होत होते, म्हणजे अ-२. ते ६८ वर आले. ज्यांचे गुण वाढले त्यांच्या घरून अर्थातच कुणी आलं नाही. ३८ पत्रकं परत मागवून पुन्हा लिहिली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पत्रक देण्याआधी मी तपासणी केली होती! वर्गाची बेरीज, सरासरी, सगळं उत्तरपत्रिकांच्या यादीशी जुळलं होतं. जुळणारच. गुणांची अदलाबदल झाली तरी रकान्याची बेरीज तेवढीच राहते. त्यानंतर मी कॅल्क नीट शिकायला बसले. जे हाती लागलं त्यातलं कामाचं तेवढं इथे देते.

लिबरऑफिसबद्दल दोन शब्द, कारण पालक विचारतात. हे फुकट मिळतं आणि कायदेशीर मिळतं. मूळ स्टारऑफिस जर्मनीतलं. १९९९ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि पुढे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला करून ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये त्यातले बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी लिबरऑफिस सुरू केलं. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, शाळेतल्या जुन्या संगणकावरही माझं भागतं. मेन्यू मराठीत करता येतो. मी मात्र इंग्रजीच ठेवलाय, कारण फोनवर एकमेकांना सांगताना तेच सोपं जातं.

क्रम लावताना

रकाना निवडून सॉर्ट केलं की कॅल्क एक प्रश्न विचारतं. शेजारीही माहिती दिसतेय, ती सोबत घेऊ का? दोन बटणं येतात, 'एक्स्टेंड सिलेक्शन' आणि 'करंट सिलेक्शन'. मी घाईत दुसरं दाबलं होतं. म्हणजे चूक यंत्राची नव्हे, त्याने विचारलं होतं बिचाऱ्याने.

आता मी रकाना निवडतच नाही. तक्त्यातल्या कुठल्याही एका सेलवर क्लिक करायचं आणि डेटा मेन्यूतून सॉर्ट उघडायचं. कॅल्क स्वतःच सगळा तक्ता पकडतं आणि ओळी अख्ख्या हलतात. पण यासाठी तक्ता सलग हवा. छान दिसावं म्हणून मध्ये कोरा रकाना सोडला, तर कॅल्क तिथेच थांबतं आणि पलीकडचे गुण मागे राहतात. शाळेचं नाव, वर्ग, तुकडी वगैरे वरती लिहायचं असेल तर त्याच्या खाली एक ओळ कोरी सोडा. तक्त्याच्या आत सेल मर्ज करू नका.

त्याहून बरा उपाय म्हणजे मूळ शीटला हातच न लावणं. खाली शीटच्या नावावर उजवी क्लिक करून 'मूव्ह ऑर कॉपी शीट' मधून नक्कल करा आणि काय खेळ करायचा तो नकलेवर करा. हजेरी क्रमांकाचा रकाना मात्र दोन्हीकडे हवाच. काही बिघडलं तर त्या क्रमाने पुन्हा लावता येतं, अर्थात ओळी अख्ख्या हलल्या असतील तर. माझ्यासारखा एकच रकाना हलला असेल तर लगेच कंट्रोल + झेड. फाइल बंद केली की तोही मार्ग संपला.

गुण भरतानाच अडवा

तीसपैकी ७२ गुण? २७ लिहिताना आकडे उलटे पडतात, होतं असं. लेखी गुणांचे सगळे सेल निवडा, डेटा मेन्यूत 'व्हॅलिडिटी' उघडा, 'होल नंबर्स' घ्या आणि किमान ०, कमाल ३० द्या. 'एरर अलर्ट'मध्ये 'स्टॉप' ठेवा. आता ७२ टाकला तर कॅल्क घेतच नाही. अर्थात २७ च्या जागी १७ टाकले तर ते त्याला कळणार नाही. त्यावर उपाय एकच, शेजारच्या वर्गाच्या बाईंना उत्तरपत्रिका हातात देऊन मोठ्याने वाचायला लावणं. मी पडद्यावर बघते, त्या वाचतात. ३८ मुलांना फार वेळ लागत नाही.

एक खोच लक्षात ठेवा. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेल्या गुणांना हा पहारा लागू होत नाही. सगळं भरून झालं की टूल्स मेन्यूतल्या 'डिटेक्टिव्ह' मध्ये 'मार्क इनव्हॅलिड डेटा' करा. मर्यादेबाहेरच्या सेलभोवती लाल खूण येते.

गैरहजर मुलाचा सेल कोरा ठेवा, शून्य टाकू नका. सरासरी काढताना कॅल्क कोरा सेल सोडून देतं, शून्य मात्र धरतं. 'गैरहजर' हा शेरा शेवटी वेगळ्या रकान्यात लिहा. मग रकान्याखाली काउंटचं सूत्र द्या. ते फक्त आकडे मोजतं. पटावर ३८, एक गैरहजर, तर उत्तर ३७ यायला हवं. ३६ आलं तर कुणाचे तरी गुण भरायचे राहिलेत किंवा कुठेतरी आकडा हा आकडा म्हणून गेलेला नाही.

हे दुसरं प्रकरण फार छळतं. दिसायला १८, पण कॅल्कच्या लेखी ते अक्षर. बेरजेचं सूत्र ते गुपचूप वगळतं, चूक दाखवत नाही. इथे कंट्रोल + एफ ८ दाबा. आकडे निळे होतात, अक्षरं काळी आणि सूत्रं हिरवी. गुणांच्या निळ्या रकान्यात एखादा काळा १८ लगेच डोळ्यात भरतो. तसंच हिरव्या बेरजेच्या रकान्यात निळा आकडा दिसला तर समजा, कुणीतरी सूत्र पुसून हाताने आकडा लिहिलाय. मला तरी अख्ख्या कॅल्कमधली सगळ्यात उपयोगी कळ हीच वाटते, आणि आमच्या केंद्रात ती जवळपास कुणालाच माहीत नव्हती.

श्रेणीचं कोडं

श्रेणीसाठी एकात एक अडकवलेली नऊ 'इफ'ची सूत्रं मी पाहिली आहेत. एक कंस चुकला की डोकं धरून बसायचं. त्याऐवजी बाजूला दोन रकान्यांचा छोटा तक्ता करा आणि व्हीलुकअप वापरा. २०१० च्या शासन निर्णयातल्या नऊ श्रेणी घेतल्या तर पहिल्या रकान्यात फक्त खालची मर्यादा लिहायची: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१. समोर त्याच क्रमाने इ-२, इ-१, ड, क-२, क-१, ब-२, ब-१, अ-२, अ-१. तुमच्या इयत्तेला आता वेगळा तक्ता असेल तर आकडे बदला, रीत तीच राहते.

इथे बरेच जण फसतात. परिपत्रकात अ-१ वर असतो, म्हणून आपणही वरून खाली तसंच उतरवतो. अशा वापरात व्हीलुकअपला चढता क्रमच लागतो. उलटा तक्ता दिला तर श्रेणी चुकतात किंवा येतच नाहीत. सूत्र लिहिताना तक्त्याचा पत्ता निवडून एफ ४ दाबा म्हणजे त्याला डॉलरची चिन्हं लागतात. नाहीतर सूत्र खाली ओढलं की तक्ताही खाली सरकतो, आणि पहिल्या चार-पाच मुलांच्या श्रेणी बरोबर, पुढच्यांच्या चुकीच्या, असा प्रकार होतो.

आता एक प्रश्न पालकांकडून येणारा: "४१ गुण दिसतायत, मग ड कशी?" समजा आठ विषयांची बेरीज ३२४ आली. सरासरी ४०.५. सेलमध्ये दशांश दाखवायचा नाही असं ठरवलेलं असेल तर पडद्यावर आणि कागदावर ४१ दिसतं, पण आत ४०.५ च असतं. व्हीलुकअप आतला आकडा बघतं आणि ड देतं. दिसणं आणि असणं यातला हा फरक एका मुलाची श्रेणी खाली आणतो. सरासरीच्या सूत्राला राउंडचं सूत्र गुंडाळा, म्हणजे दिसतं तेच आतही राहील.

जन्मतारीख आणि आयडी

संगणकात लोकेल अमेरिकन इंग्रजी असेल तर ०५/०६/२०१५ चा अर्थ ६ मे होतो. आपल्याला तर ५ जून हवा असतो. १३/०६/२०१५ टाकलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ते अक्षर म्हणून पडून राहतं. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत! जनरल रजिस्टरवरून यादी करताना हे घडलं तर पुढे दाखल्यापर्यंत जातं. टूल्स, ऑप्शन्स, मग 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' (जुन्या आवृत्तीत 'लँग्वेज सेटिंग्ज') इथे लोकेल इंग्लिश इंडिया किंवा मराठी करा. तारखा भरण्याआधी करा, नंतर केलं तर जुन्या तारखा आपोआप सुधारत नाहीत.

सरलचा १९ अंकी आयडी असाच फसवतो. कॅल्क १५ अंकांपर्यंतच नेमका आकडा धरतं, पुढचे अंक शून्य होतात. तो रकाना आधीच निवडून कंट्रोल + १ दाबा आणि 'टेक्स्ट' करा, मगच आयडी भरा. एकदा शून्य झालेले अंक परत आणता येत नाहीत.

नावं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली 'मराठी' आत इंग्रजी अक्षरंच असतात. शोधायला गेलं तर सापडत नाहीत आणि पालकांच्या मोबाइलवर भलतंच काहीतरी दिसतं. फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं हलत नसतील तर फॉरमॅटमधल्या 'कॅरेक्टर' मध्ये बघा, तिथे देवनागरीसाठी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असा वेगळा फॉन्ट निवडायचा असतो.

पत्रकं छापताना

३८ पत्रकांवर हाताने उतरवलं की पुन्हा चुकीला वाव. रायटरमध्ये पत्रकाचा एकच नमुना करा. फाइल, न्यू, डेटाबेस असं जाऊन 'कनेक्ट' मधून आपली गुणांची शीट जोडा. मग रायटरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एफ ४ दाबलं की वर तक्ता दिसतो. रकान्याचं नाव ओढून नमुन्यात त्या त्या जागी सोडायचं. छापायला दिलं की 'फॉर्म लेटर' छापायचं का असं विचारतं, हो म्हणा. थेट प्रिंटरकडे न पाठवता आधी एकाच फाइलमध्ये सेव्ह करा आणि डोळ्यांखालून घाला.

कामाची फाइल ओडीएस मध्येच ठेवा. केंद्रशाळेला एक्सेलची हवी असेल तर 'सेव्ह अ कॉपी' करून द्या. पीडीएफ करताना 'हायब्रिड पीडीएफ' वर खूण केली तर मूळ फाइल त्या पीडीएफच्या पोटातच राहते. मोबाइलवर साधी पीडीएफ दिसते आणि लिबरऑफिसमध्ये उघडली की दुरुस्त करता येते.

आता मी आधी गुण न घालता फक्त नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख असलेला कागद छापते आणि मुलांच्या हातात देते. तपासा म्हणून सांगते. पहिल्या वर्षी पाच मिनिटांत सात चुका निघाल्या. एका पोराने तर उभं राहून सांगितलं, "बाई, मी एवढा मोठा नाय, तुम्ही मला तीन वर्सं जास्त लावली!"