आधी पाणी मागावे

अभ्यासपाठ
वाचन : योहान 4:5-11 व 39-42



सूखार गावाजवळच्या विहिरीचा प्रसंग आपण बहुधा जिवंत पाण्याच्या शिकवणीसाठी वाचतो. या वेळी त्याची सुरुवात पाहू. प्रभू चालून थकला आहे. शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले आहेत. विहीर खोल आहे आणि त्याच्यापाशी पाणी काढायला काही नाही. यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत, त्या शोमरोनी समाजातील स्त्रीकडे तो पाणी मागतो. देण्याची गोष्ट त्यानंतर निघते.

हा क्रम मला भामरागडला गेल्यावर नीट कळला. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर हे तालुक्याचे छोटे गाव आहे. येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. भोवतालच्या जंगलात माडिया गोंड समाजाची गावे आहेत. कातकरी व कोलाम यांच्याप्रमाणेच माडिया हीदेखील महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेली आहे.

उन्हाळ्यात नदी शांत दिसते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्त्यावरचा जुना ठेंगणा पूल बुडतो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. 2019 साली पाणी बाजारपेठेत शिरले होते. म्हणून येथील माणूस धान्य, मीठ आणि औषध यांचा हिशोब पावसाआधीच करतो. आपण जुलैत पाठवायची ठरवलेली औषधे हिवतापाच्या रुग्णापर्यंत पोचतीलच असे नाही. हा हिशोब कार्यालयातल्या नकाशावर दिसत नाही. तो नदीकाठच्या माणसाला विचारावा लागतो.

कामाचे दिवसही विचारून घ्यावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात, तेव्हा बायका-मुले पहाटेच जंगलात असतात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. अशा दिवशी सकाळी दहाची सभा ठेवून "लोक येत नाहीत" असे अहवालात लिहिणे योग्य नव्हे. त्यांची वर्षाची मिळकत त्या वेळी झाडाखाली पडलेली असते.

सर्वांत मोठी गरज भाषेची आहे. माडिया ही द्राविडी कुळातील भाषा आहे, तर पाठ्यपुस्तक मराठीत असते. पहिलीतले लेकरू गप्प बसले, तर ते मंद आहे असा शिक्का किती लवकर बसतो! खरे तर अनेकदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो. जवळच्या हेमलकसा येथे 1973 साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा शिकून घेतली. रुग्णाचे दुखणे त्याच्याच बोलीत ऐकणे हाही उपचाराचा भाग आहे.

एका गावात एका आजीने आम्हांला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातले गार पाणी दिले. आमच्यातील एक तरुण पिशवीतून बाटली काढू लागला. मी त्याला हळूच म्हणालो, "दादा, आधी आजीचे पाणी घे." त्याने ते घेतले. आजी हसली, आणि मग दुभाष्यामार्फत नातवाच्या तापाविषयी बोलू लागली. बाटलीतले पाणी प्यायलो असतो, तर तापाची गोष्ट कदाचित निघालीच नसती.

दान देणारा उंचावर उभा असतो आणि घेणारा खाली. पाणी मागणारा मात्र समोर बसतो. म्हणूनच शोमरोनी स्त्री प्रभूला प्रश्न विचारू शकली, वादही घालू शकली. पुढे तिच्या गावकऱ्यांनी त्याला राहण्याची विनंती केली आणि तो तेथे दोन दिवस राहिला. बोलावणे त्यांचे होते. आपल्या भेटीनंतर गावाने पुन्हा बोलावले का, हे वाटलेल्या कपड्यांच्या आकड्याहून अधिक मोलाचे आहे.

मननासाठी :

1. गेल्या भेटीत आपण त्या गावाकडून काय घेतले, काय शिकलो?
2. भेटीची तारीख कोणाच्या सोयीने ठरली होती?
3. पुढच्या भेटीपूर्वी तेथील भाषेतील कोणते दहा शब्द आपण शिकू?

या प्रश्नांची उत्तरे आपल्या मंडळीत बसून लिहावीत, आणि पावसाळ्यापूर्वीच्या भेटीची आखणी त्यांवरून करावी.