हॉर्सशू किडनी आणि सिग्मॉइडचा कॅन्सर : ऑपरेशनची कृती

साधारण 500 माणसांत एकाच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकांशी जुळून नालेचा आकार घेतात. अशा रुग्णाला सिग्मॉइड कोलनचा कॅन्सर झाला, तर खरी मेहनत ऑपरेशनच्या आधीच्या संध्याकाळी असते.

सीटी पुन्हा उघडा. रिपोर्टमध्ये गाठ, लिम्फ नोड, लिव्हर सगळं असतं. किडनीबद्दल जेमतेम एक ओळ. धमन्यांचे पातळ काप स्वतः पाहा, थ्रीडी चित्र काढून घ्या. या किडनीला महाधमनीच्या खालच्या भागातून, इलियाकमधून, क्वचित इन्फिरिअर मेसेंटेरिकमधूनही (आयएमए) जादा धमन्या येतात. त्यांना पर्यायी रक्तपुरवठा नसतो; एक कापली की तेवढा तुकडा मेला. त्यासाठी नवा सीटी लागला, तर क्रिएटिनिन बघून मगच काँट्रास्ट द्या.

भूल दिल्यावर युरॉलॉजिस्टकडून युरेटरमध्ये कॅथेटर घालून घ्या. त्याने इजा टळेलच असं नाही, पण झालेली लगेच कळते.

रुग्णाचं डोकं खाली, डावी बाजू वर. सिग्मॉइड उचलून मेसोकोलनच्या मागच्या थरात आतून बाहेर जा. इथे घाई नको. महाधमनीसमोर एक गुळगुळीत फुगवटा दिसतो. ती गाठ नाही, किडन्या जोडणारा पट्टा आहे. त्याच्यावरचं आवरण तसंच ठेवून पुढूनच सरका. त्याच्यावरून जाणाऱ्या नसा लघवी आणि लैंगिक क्रियेच्या आहेत. पट्टा कापण्याचं काहीच कारण नाही.

आयएमए त्या पट्ट्याच्या वरच्या कडेशी निघते. क्लिप लावण्याआधी ती आतड्याकडेच जाते ना, हे पाहा. तिच्यातून किडनीला फांदी असेल, तर फांदीच्या पुढे बांधा. शंका असेल, तर तात्पुरता क्लॅम्प लावून किडनीचा रंग पाहा.

युरेटर नेहमीच्या जागी शोधू नका. तो पट्ट्याच्या पुढून उतरतो. हलकेच डिवचल्यावर आकसतो तो युरेटर, गोनाडल शीर आकसत नाही.

बाकी ऑपरेशन नेहमीसारखंच. मात्र किडनीच्या भीतीने नोड सोडू नका. किमान 12 तपासायला गेलेच पाहिजेत. जोड हवेने तपासा, पिशवीतली लघवी लाल नाही ना बघा, दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन करा.

आणि डिस्चार्ज कार्डावर ‘हॉर्सशू किडनी’ ठळक लिहा, कोणती धमनी कुठून येते त्यासह. पुढच्या सर्जनला ते लागेल.