पुंगलीचा पूल

११ डिसेंबर १९७१. बांगलादेश मुक्तिसंग्राम निर्णायक टप्प्यावर आला होता. त्या सायंकाळी टांगाइलजवळच्या आकाशात शेकडो हवाई छत्र्या उमलल्या. पूर्वी मराठा लाइट इन्फंट्रीत असलेल्या दुसऱ्या पॅराशूट बटालियनचे जवान शत्रूच्या पिछाडीस उतरत होते. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू त्यांचे नेतृत्व करत होते.

लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल हे त्यांचे लक्ष्य होते. जमालपूर व मैमनसिंगहून माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड याच वाटेने ढाक्याकडे निघाली होती. ती तेथे पोहोचली असती, तर राजधानीचे संरक्षण बळकट झाले असते.

वाऱ्यामुळे काही जवान व सामान दूर विखुरले. परंतु गावकरी मदतीस धावले आणि त्यांनी ओझी वाहून आणली. त्याच रात्री पूल हाती आला. पुढे शत्रूने वारंवार हल्ले केले, तरी जवान जागेवरून हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिली मराठा बटालियन त्यांना येऊन मिळाली. १६ डिसेंबरला हे छत्रीधारी सैनिक ढाक्यात पोहोचले.

बटालियनला मिळालेल्या ‘पुंगली पूल’ या युद्धसन्मानातून त्या रात्रीची आणि तेथे धारातीर्थी पडलेल्या वीरांची स्मृती आजही जपली जाते.

पाठगत प्रश्न
१. पूल ताब्यात घेणे का आवश्यक होते?
२. गावकऱ्यांनी कोणते साहाय्य केले?