दरवेळी डिस्क तपासत बसणारा संगणक

प्रश्न : नागभीडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. पावसाळ्यात वीज सारखी जाते. आता संगणक सुरू केला की दरवेळी आधी डिस्क तपासत बसतो. काय करावं?

उत्तर : आधी गिऱ्हाइकांची कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, दुरुस्ती नंतर. तपासणीपूर्वी पडद्यावर काही सेकंद उलटी मोजणी दिसते. तेवढ्यात कुठलीही कळ दाबली की तपासणी टळते.

वीज गेली की लिहिणं अर्धवट राहतं. नोंदींत गडबड दिसली की विंडोज त्या ड्राइव्हवर ‘डर्टी बिट’ ही खूण ठेवतं. तपासणी पूर्ण झाल्यावर ती पुसली जाते, म्हणून रात्री दुकान बंद करताना एकदा ती शेवटपर्यंत होऊ द्या. जुन्या हार्ड डिस्कला कित्येक तास लागतात. टक्केवारी एकाच आकड्यावर अडकलेली दिसली तरी बटण दाबू नका.

तरीही रोज तेच? मग साटा केबल काढून घट्ट बसवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वेळ न घालवता नवी एसएसडी घाला. तपासणीच कायमची बंद करा, असं कुणी सुचवेल. अजिबात करू नका, बिघाड आत वाढत राहतो. आणि यूपीएस घ्याच. जुना असेल तर त्याची बॅटरी बदला.