पाठ बोलते, रक्तदाब बोलत नाही

ये, बस. ती उशी पाठीमागे घे. तुझ्या कण्याच्या संधिवाताला डॉक्टरांनी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हटल्यापासून सगळं घर तुझ्या पाठीची काळजी करतंय. मला तुझ्या रक्तवाहिन्यांचीही आहे. हा आजार विशी-तिशीत धरतो आणि अंगात वर्षानुवर्षं दाह ठेवतो, त्याने रक्तवाहिन्याही खराब होतात. तैवानमध्ये 18 ते 45 वयाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा रक्तवाहिनी तुंबून होणारा पक्षाघात त्यांच्यात समवयस्कांपेक्षा जास्त आढळला. घाबरू नकोस, तुझ्या वयात मुळात हा धोका लहान असतो. तो लहानच ठेवायचा, म्हणून हे सांगतेय.

1. महिन्यातून एकदा रक्तदाब मोज, काही होत नसलं तरी – पाठ ठणकून सांगते, रक्तदाब मुकाट्याने चढतो. ‘माझं वय काय, मावशी’ हे मला ऐकवू नकोस.

2. दुखण्याची गोळी मनाने वाढवू नकोस आणि मनाने बंदही करू नकोस – डायक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब तुझ्या आजारात खरंच उपयोगी आहेत, पण त्याच रक्तदाब चढवतात आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढवू शकतात. रक्तदाब ताब्यात नसेल तर एटोरिकॉक्सिब घ्यायचीच नसते. ‘एक स्ट्रिप द्या’ म्हणून मेडिकलमधून आणायची ही वस्तू नव्हे. दाताच्या डॉक्टरांकडे गेलास तरी चालू गोळीचं नाव आधी सांग – नाहीतर एकाच जातीच्या दोन गोळ्या पोटात जातात.

3. सिगारेट सोड. मित्रांबरोबरची एकसुद्धा – धुराने कणा लवकर ताठरतो आणि रक्तवाहिन्याही बिघडतात.

4. सलूनमध्ये मान मोडून घेऊ नकोस – त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराला चीर पडून धडधाकट तरुणालाही पक्षाघात होऊ शकतो, आणि ताठरलेल्या मणक्याला मोडायचीही भीती. डोक्याला तेल, मानेला दुरून नमस्कार!

5. सकाळी कितीही आखडलेलं असलं तरी उठून हालचाल कर – हा आजार झोपून वाढतो, चालून सैलावतो. सकाळी हलेल तो दिवसभर चालेल.

6. कोलेस्टेरॉल तपासायचं ते आजार शांत असताना – दाह चढलेला असला की आकडा खोटा कमी दिसतो आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

7. छातीत वेडीवाकडी धडधड झाली, दम लागला, तर संधिवाताच्या डॉक्टरांनाही सांग – हा आजार कधी कधी हृदयाच्या झडपेला आणि ठोक्यांनाही धरतो.

8. आता नीट ऐक, कारण तुझ्यासारख्यांची फसगत इथेच होते. अचानक हात लुळा पडला, एक बाजू बधिर झाली, की ‘मणक्याचंच असेल’ म्हणून शेकायला बसू नकोस, तो पक्षाघात असू शकतो. तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एकदम दिसेनासं होणं किंवा तोल जाणं, यातलं काहीही अचानक झालं तर 108 लावायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं – गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवायची, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. तोंडात पाणी नाही, अॅस्पिरिन नाही – गिळता येत नसेल तर ठसका लागतो, आणि आत रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जायचंच – पक्षाघाताचा मोठा झटका कधी कधी अशी आधी वर्दी देतो.

हा आठवा मुद्दा आईला आणि खोलीवरच्या मित्रालाही आजच वाचून दाखव. झटका येतो त्याला फोन लावता येईलच असं नाही.