परदेशी शिक्षण आणि आरोग्याचे प्रमाणपत्र : माहितीच्या अर्थशास्त्राचा एक पाठ

काशीतील संकठा घाट हा सिंदिया घाटाच्या शेजारचा, संकठादेवीच्या मंदिरामुळे ओळखला जाणारा घाट होय. जवळच नागपूरकर भोसल्यांच्या नावाचा भोसले घाट आहे. या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. वेदशास्त्रांच्या अध्ययनासाठी महाराष्ट्रातून विद्यार्थी या नगरीत येत, तेव्हा गुरूची संमती हाच त्यांचा प्रवेशपरवाना असे. आज याच गल्ल्यांतील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छितो, तेव्हा त्याला पारपत्र, प्रवेशपत्र व आर्थिक क्षमतेचा पुरावा यांबरोबरच अनेक देशांसाठी आरोग्याचे प्रमाणपत्रही सादर करावे लागते. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक होती. त्यामुळे हा विषय केवळ कागदपत्रांच्या पूर्ततेचा राहिलेला नाही. सार्वजनिक आरोग्य, राज्यवित्त आणि माहितीचे अर्थशास्त्र यांचा त्यात संगम झालेला आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

प्रमाणपत्र कशासाठी?

यजमान देश आरोग्य तपासणीची अट प्रामुख्याने दोन कारणांसाठी घालतो. पहिले कारण संसर्गजन्य रोगांचे होय. एखाद्या व्यक्तीच्या वर्तनाचा वा स्थितीचा परिणाम व्यवहारात सहभागी नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीवर होतो, तेव्हा अर्थशास्त्रात त्यास ‘बाह्यपरिणाम’ म्हणतात. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. फुप्फुसाचा क्षयरोग हे ऋण बाह्यपरिणामाचे ठळक उदाहरण आहे. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला असलेला क्षय हा त्याच्या सहाध्यायांचाही प्रश्न ठरतो.

दुसरे कारण वित्तीय आहे. ज्या देशांत आरोग्यसेवेचा भार करदात्यांच्या पैशातून उचलला जातो, ते देश दीर्घकालीन व महागड्या उपचारांचा संभाव्य बोजा अजमावून पाहतात. कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतर कायद्यात सार्वजनिक आरोग्यास धोका आणि आरोग्यसेवेवरील ‘अतिरिक्त मागणी’ ही दोन्ही कारणे स्वतंत्रपणे नमूद आहेत. यांपैकी दुसऱ्या कारणासाठीची खर्चमर्यादा २०१८ मध्ये तिपटीने वाढविण्यात आली. अपंग व दीर्घकाळ आजारी व्यक्तींवर या निकषामुळे अन्याय होतो, हा आक्षेप त्यामागे होता.

इतिहासातील एक उदाहरण

परदेशी शिक्षण आणि क्षयरोग यांचा संबंध मराठी वाचकांना नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नियुक्तीही झाली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुणे येथे त्यांचे निधन झाले.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध १८८२ मध्ये जाहीर केला होता. क्ष-किरणांचा शोध मात्र १८९५ मध्ये लागला आणि स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले प्रभावी औषध १९४३ मध्ये हाती आले. म्हणजेच आनंदीबाईंच्या काळी रोगाचे कारण ज्ञात होते, परंतु लवकर निदान व उपचार यांची साधने नव्हती. पुढे अमेरिकेने १८९१ च्या कायद्याने धोकादायक सांसर्गिक रोग असलेल्यांना आणि १९०७ च्या कायद्याने क्षयरोग्यांना प्रवेश नाकारला. निदान सुधारले, तसतसे प्रवेशाचे दार अधिक चाचपून उघडले जाऊ लागले.

देशोदेशीचे नियम

सर्व देशांचे नियम सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास तेथील शासनाने मान्यता दिलेल्या केंद्रातच क्षयरोगाची तपासणी करावी लागते. पूर्वी हीथ्रो व गॅटविक विमानतळांवर उतरल्यावर क्ष-किरण तपासणी होत असे. २०१२ पासून ती व्यवस्था मागे पडून प्रवासापूर्वीच्या तपासणीचा विस्तार झाला. या प्रमाणपत्राची मुदत सहा महिने असते.

कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांनी तपासणीसाठी ठराविक डॉक्टरांची नामिका तयार केली आहे. या व्यवस्थेत अहवाल डॉक्टरांकडून संगणकीय प्रणालीद्वारे थेट त्या देशाच्या शासनाकडे जातो. विद्यार्थ्याच्या हाती केवळ तपासणी झाल्याची पोच राहते. चीनमध्ये दीर्घ मुदतीच्या अभ्यासक्रमासाठी विहित नमुन्यातील शारीरिक तपासणीचा अर्ज भरावा लागतो आणि त्यावर रुग्णालयाचा शिक्का आवश्यक असतो. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वैद्यकीय तपासणीची अट नाही. तथापि गोवर आदी रोगांच्या लसीकरणाचे दाखले तेथील विद्यापीठे मागतात. म्हणून ‘व्हिसासाठीची अट’ आणि ‘विद्यापीठाची अट’ यांतील फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

ओळखीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र का चालत नाही?

जन्मापासून प्रकृती जाणणाऱ्या कुटुंबाच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाकारले जाते आणि दहा-पंधरा मिनिटे पाहणाऱ्या अनोळखी डॉक्टरांचे स्वीकारले जाते, हे वरकरणी विसंगत वाटते. याचे उत्तर ‘माहितीची विषमता’ या संकल्पनेत आहे. स्वतःच्या प्रकृतीविषयी अर्जदाराला जेवढे माहीत असते, तेवढे दूतावासास नसते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अशा विषमतेमुळे चांगल्या वस्तूचीही विश्वासार्हता कशी घटते, हे दाखविले. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये ‘संकेत’ ही संकल्पना मांडली आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी ‘छाननी’चे विवेचन केले. या तिघांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

संकेत विश्वासार्ह ठरण्यासाठी खोटा संकेत देणे महाग पडले पाहिजे. कुटुंबाच्या डॉक्टरांना परिचयातील मुलाला चांगला दाखला देण्याची किंमत परदेशी शासनाकडे मोजावी लागत नाही. नामिकेवरील डॉक्टरांची मात्र चुकीच्या अहवालामुळे मान्यता जाऊ शकते. पारपत्रावरून ओळख पटविणे, छायाचित्र घेणे आणि अहवाल परस्पर पाठविणे या साऱ्या तरतुदी तोतयेगिरीला आळा घालण्यासाठी आहेत.

भारतातही याबाबत नियमांचा अभाव नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार डॉक्टरांनी वैद्यकीय प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे, त्यात रुग्णाची स्वाक्षरी वा अंगठा आणि शरीरावरील किमान एक ओळखखूण नोंदविणे व प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवणे आवश्यक आहे. असत्य प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन ठरते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते, परंतु ते स्थगित झाल्याने २००२ चे विनियमच लागू राहिले. नियम असूनही स्थानिक दाखल्यांवर सहज विश्वास ठेवला जात नाही, याचा अर्थ अंमलबजावणीच्या उणिवेची किंमत प्रामाणिक डॉक्टर व प्रामाणिक विद्यार्थी दोघेही मोजतात.

खर्च कोणावर?

तपासणीचे शुल्क हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग होय. मान्यताप्राप्त केंद्रे मोजक्या शहरांत एकवटलेली असतात. संकठा घाटावरील एखाद्या विद्यार्थ्यास दिल्लीचे केंद्र गाठायचे झाल्यास सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास, मुक्काम, सोबत येणाऱ्या पालकांची बुडालेली मजुरी वा रजा हे सारे त्यात मिळवावे लागते. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये ज्या ‘व्यवहार खर्चा’कडे लक्ष वेधले, त्याचेच हे रूप आहे. महानगरातील विद्यार्थ्यास हा खर्च जवळजवळ पडत नाही. त्यामुळे समान नियमाचा भार असमान पडतो.

येथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. तपासणीची सक्ती अनेकदा व्यक्तीच्या लक्षणांवरून न होता देशातील रोगाच्या प्रमाणावरून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मधील जगातील नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण भारतात होते. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीला वागविण्यास ‘सांख्यिकीय भेदभाव’ म्हणतात. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येते. परंतु देशांतर्गत क्षयनियंत्रणातील अपयशाचा एक प्रकारचा कर परदेशी जाणारा निरोगी विद्यार्थीही भरतो, हे त्यातून स्पष्ट होते.

अहवाल प्रतिकूल आला तर?

छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग दिसणे म्हणजे सक्रिय क्षय असणे नव्हे. तो जुन्या, बऱ्या झालेल्या रोगाचा व्रणही असू शकतो. अशा वेळी थुंकीची जंतुवृद्धी चाचणी केली जाते व तिचा अंतिम निष्कर्ष येण्यास सुमारे दोन महिने लागू शकतात. सत्र सुरू होण्याच्या तोंडावर तपासणी केल्यास या दोन महिन्यांत प्रवेश हातचा जाण्याचा संभव असतो. जुने अहवाल व उपचारांची कागदपत्रे सोबत ठेवणे आणि वेळ हाती राखून तपासणी करणे हाच त्यावर उपाय होय. पूर्वीचा आजार लपविणे अहितकारक ठरते, कारण खोट्या माहितीमुळे व्हिसा कायमचा अडचणीत येऊ शकतो, तर उपचार पूर्ण झालेला क्षय सामान्यतः प्रवेशाच्या आड येत नाही.

सक्रिय रोग आढळला तरी तो जीवनाचा शेवट नव्हे. औषधांना दाद देणारा फुप्फुसाचा क्षय साधारणतः सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत ही औषधे विनामूल्य मिळतात आणि निक्षय पोषण योजनेखाली उपचारकाळात आर्थिक साहाय्य दिले जाते. हे साहाय्य २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये करण्यात आले. एक सत्र लांबले तरी वेळीच निदान झाल्याने विद्यार्थी व त्याचे कुटुंब दोघेही वाचतात. आनंदीबाईंना जी संधी मिळाली नाही, ती आज एका साध्या तपासणीतून मिळू शकते.

समारोप

आरोग्याचे प्रमाणपत्र हे दोन देशांमधील विश्वासाचे साधन आहे. ते स्वस्त व सुलभ व्हावयाचे असेल, तर तपासणी केंद्रे दुसऱ्या श्रेणीच्या शहरांपर्यंत पोहोचली पाहिजेत, देशांतर्गत प्रमाणपत्रांची विश्वासार्हता वाढली पाहिजे आणि मुख्य म्हणजे क्षयरोगाचे प्रमाण घटले पाहिजे. यांपैकी पहिली बाब बऱ्याच अंशी यजमान देशांच्या हाती आहे. उर्वरित दोन भारताच्या स्वतःच्या हाती आहेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बाह्यपरिणाम म्हणजे काय? संसर्गजन्य रोगाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. माहितीची विषमता दूर करण्यात त्रयस्थ प्रमाणकाची भूमिका विशद करा.
३. ‘समान नियमाचा भार असमान पडतो.’ व्यवहार खर्चाच्या संदर्भात चर्चा करा.
४. देशनिहाय आरोग्य तपासणीच्या अटीचे समर्थन व मर्यादा सांगा.