चुकीवर बोट : संगणक अभ्यासातील एक छोटा पाठ



संगणक कक्षात दरवर्षी एक प्रसंग हमखास घडतो. मुलगा मन लावून दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहितो, कंपाइल करतो आणि खालच्या चौकटीत संदेशांची रांग उभी राहते. ती पाहून त्याचा हात माऊसवरून निघतो. "सर, माझं बिघडलं," एवढेच तो म्हणतो. पूर्वी आम्हीही चटकन पुढे होऊन स्वतःच दुरुस्ती करून देत असू. प्रोग्रॅम चालत असे, पण मुलाला काहीच कळत नसे. पुढच्या तासाला तोच मुलगा शेजारच्या वहीतून उतरवून घेताना दिसला, तेव्हा आमची चूक आमच्या लक्षात आली. म्हणून हा पाठ.

माग का थांबतो?

लिंबायत-उधना भागातल्या आपल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी मागावर काम केलेले असते. त्यांना विचारा. चांगल्या स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लटकत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचा संपर्क जुळतो आणि माग थांबतो. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित मागही धागा तुटताच आपोआप थांबत असे.

पण माग थांबला एवढ्याने काम होत नाही. हजारो धाग्यांतला नेमका कोणता तुटला, हे कळायला हवे. ते खाली पडलेली पट्टी सांगते. कारागीर मागावर रागावत नाही की घाबरत नाही. तो पट्टी शोधतो, धागा सांधतो आणि माग पुन्हा सुरू करतो. कंपायलरचा संदेश म्हणजे अशीच खाली पडलेली पट्टी समजा.

चालू संदेश कोणता?

प्रत्येक संदेशात निदान तीन गोष्टी असतात : फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि तक्रार. संदेश दहा असले तर आपण सध्या कोणता पाहत आहोत, हे विसरायला होते. डोळा तिसऱ्या संदेशावर आणि हात पाचव्याच्या ओळीत, असा घोटाळा होतो. म्हणून चांगले एडिटर 'चालू' संदेश रंगवून दाखवतात.

गुजरात बोर्डाच्या संगणक पुस्तकातून अनेक मुलांची ओळख झालेला 'साइट' हा एडिटर घ्या. (ही वेबसाइट नव्हे. 'सिंटिला' या घटकावर उभारलेल्या एडिटरचे हे नाव आहे. नील हॉजसन यांनी तो तयार केला.) त्यात कंट्रोल आणि एफ ७ दाबले की प्रोग्रॅम कंपाइल होतो. मग एफ ४ दाबा. कर्सर चुकीच्या ओळीवर जातो आणि चालू संदेश व त्याची ओळ, दोन्हींवर खूण उमटते. समास असेल तर समासात चिन्ह येते, नसेल तर ओळीची पार्श्वभूमीच रंगते. पुन्हा एफ ४ दाबले की पुढचा संदेश, शिफ्टसह दाबले की मागचा.

ही सोय क्षुल्लक वाटेल. पण ग्नू ईमॅक्स हा १९८५ सालापासूनचा नामांकित एडिटर. त्यात पूर्वी चालू संदेशाशेजारी कडेला लहानसा बाण दिसे. यादीतला चालू संदेश रंगवून दाखवण्याचा पर्याय त्याच्या २८व्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ साली आला. मोठमोठ्या प्रोग्रॅमरांनाही 'आपण कुठे आहोत' हे दाखवणारी खूण लागतेच.

एक उदाहरण

जावा भाषेत व्हेरिएबलची नावे देवनागरीतही चालतात. दोन विषयांच्या गुणांची बेरीज करू. तिसऱ्या ओळीत मराठी = ७२, चौथ्या ओळीत गणित = ६५, पाचव्या ओळीत बेरजेसाठी 'एकुण' = ०. सहाव्या ओळीत 'एकूण'मध्ये मराठी मिळवले, सातव्या ओळीत गणित मिळवले आणि आठव्या ओळीत 'एकूण' छापायला सांगितले.

कंपाइल केल्यावर तीन संदेश येतात : सहावी, सातवी आणि आठवी ओळ. तिन्हींची तक्रार एकच, की 'एकूण' हे नाव सापडत नाही. खाली लिहून येते, चुका तीन.

आता पाचवी ओळ नीट पाहा. तिथे ऱ्हस्व उकार पडला आहे! मराठीच्या तासाला ज्यावर लाल शाई पडते, तीच ही चूक. चूक एकच, संदेश तीन, आणि जिथे खरी चूक आहे त्या पाचव्या ओळीवर खूणच नाही. कारण 'एकुण' हे नाव कंपायलरला चालते. जे नाव त्याला कधी सांगितलेच नाही, त्यावर तो अडतो.

यावरून तीन नियम लक्षात ठेवा.

१. पहिला संदेश आधी वाचा. पुढचे संदेश पुष्कळदा त्याचीच पिल्ले असतात.

२. खूण असलेल्या ओळीत चूक दिसली नाही, तर तिच्या वरच्या ओळी पाहा आणि ते नाव प्रथम कुठे लिहिले ते शोधा.

३. एक दुरुस्ती करा आणि पुन्हा कंपाइल करा. मध्ये ओळी वाढल्या की जुन्या संदेशांतले ओळ क्रमांक फसवू शकतात.

पाचव्या ओळीतला उकार दीर्घ केला की तिन्ही संदेश एकदम जातात आणि उत्तर येते १३७.

जिथे खूण उमटत नाही

आता मुद्दाम सातव्या ओळीत गणिताऐवजी पुन्हा मराठी मिळवा. एकही संदेश येणार नाही, कुठेही रंग दिसणार नाही, आणि उत्तर येईल १४४. गुणपत्रिका चुकली, तरी संगणक गप्प! मागावर चुकीच्या रंगाचा धागा ओवला तर माग थांबत नाही, पण रेघ कापडभर जाते. अशी चूक कापड पाहणाऱ्या डोळ्यालाच सापडते. म्हणून उत्तर आले की कागदावर बेरीज करून ताडून पाहायचे, हे विसरू नका.

पालकांना आमची विनंती आहे. मुलाच्या पडद्यावर लाल अक्षरे दिसली तर "काय बिघडवलंस?" असे विचारू नका. "कोणत्या ओळीत आहे?" असे विचारा. आणि विश्वस्तांना सांगावेसे वाटते, की तासाअखेरी किती प्रोग्रॅम चालले यापेक्षा किती मुलांनी आपली चूक स्वतः शोधली, याची नोंद आम्ही यंदापासून ठेवत आहोत.

करून पाहा : वरील प्रोग्रॅम लिहा. त्यात मुद्दाम एक चूक करून शेजारच्याला द्या. त्याने पहिला संदेश मोठ्याने वाचायचा, ओळ सांगायची आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. चूक सापडेपर्यंत तुम्ही बोलायचे नाही. आम्हीही बोलणार नाही!